दहा झोक्यांची वेळ

डेलियाने टॅबलेटचा खोका टेबलावर ठेवला तेव्हा मिस्टर प्रुइट संत्रं सोलत होते. त्यांनी साल एका अखंड पट्टीत काढली, कागदावर ठेवली, हात पुसले आणि मगच वर पाहिलं.

"उघड," ते म्हणाले. "त्यावर काय काय चालत नाही ते बघू तरी."

२०१० च्या एप्रिलमधला सोमवार होता. टॅबलेट शनिवारीच दुकानांत आला होता आणि त्यासाठी डेलिया चार तास रांगेत उभी राहिली होती. ओकलंडमध्ये सायकलींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची संस्था होती. डेलिया किरोगा ती चालवायची. आम्ही शाळांसाठी संगणकाच्या पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग बनवत असू. लंबक, लाटांची टाकी, भिंगं, उतारावरून घरंगळणारे चेंडू, असे एकेचाळीस प्रयोग होते आणि सगळे मूळचे मिस्टर प्रुइटांचे. त्यांनी तीस वर्षं अल्डर व्हॅलीच्या शाळांमध्ये भौतिकशास्त्र शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. डेलिया त्यांना बिनधास्त वर्नन म्हणायची, पण त्यामुळे तिशी ओलांडली तरी माझी जीभ 'मिस्टर प्रुइट'च्या पलीकडे वळत नसे. तेही मला वर्गातल्यासारखी आडनावानेच हाक मारत.

डेलियाने आमचं पान उघडलं आणि लंबकावर बोट टेकवलं. लंबकाच्या जागी एक राखाडी चौकोन आला. त्याच्या मधोमध प्रश्नचिन्ह.

"वा," मिस्टर प्रुइट म्हणाले. "चार तास रांगेत उभं राहून प्रश्नचिन्ह आणलंस."

आमचे प्रयोग प्लगइनवर चालत. प्लगइन म्हणजे ब्राउझरमध्ये वेगळा बसवावा लागणारा छोटा सहायक प्रोग्रॅम. तेव्हा तो जवळजवळ प्रत्येक संगणकात असे. टॅबलेटच्या कंपनीने मात्र ठरवलं होतं की आपल्या यंत्रावर असलं काही चालू द्यायचं नाही. त्या महिन्यात आमच्या भागात जिथे चार संगणकवाले जमत तिथे हाच वाद असे. सायकलवाल्या दुकानदाराचंही यावर मत होतं.

"कंपनी म्हणते प्लगइन बॅटरी खातं, सारखं बंद पडतं," डेलिया म्हणाली.

"माझी कारही बंद पडते. म्हणून कोणी माझ्यासाठी रस्ता बंद केला नाही." मिस्टर प्रुइटांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "देशभरातल्या शिक्षकांनी रात्रंदिवस खपून प्लगइनवर हजारो गोष्टी केल्या. आणि मुलांच्या पडद्यावर काय दिसावं हे एक कंपनी ठरवणार?"

"प्लगइनही एका कंपनीचंच आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात कुणी न विचारता उत्तर दिलं की पाहायचे तसंच.

"बोल, हाशिमोटो. पूर्ण बोल."

"ब्राउझरला आता स्वतःहून चित्रं हलवता येतात. ती भाषा कुणा एकाच्या मालकीची नाही. आपण प्रयोग तिच्यात लिहिले तर ते टॅबलेटवरही चालतील, आणि उद्या आणखी काही आलं तर त्यावरही. कुणाची परवानगी लागणार नाही."

"एकेचाळीस प्रयोग. माझी अकरा वर्षं. ती परत लिहायची, का तर एका काचेच्या पाटीला ती आवडत नाहीत!"

"वर्नन, आवडीनिवडीचा प्रश्नच उरलेला नाही रे," डेलिया म्हणाली आणि तिने बॅगेतून एक पत्र काढलं.

पत्र अल्डर व्हॅलीच्या शाळा मंडळाचं होतं. मंडळ पुढच्या वर्षी आपल्या सगळ्या शाळांना टॅबलेट देणार होतं. वीस मेच्या बैठकीत त्यावर वापरायच्या प्रयोगांची यादी ठरणार होती. टॅबलेटवर जे चालणार नाही ते यादीत नसेल. मिस्टर प्रुइटांनी पत्र दोनदा वाचलं. ज्या शाळांसाठी त्यांनी हे प्रयोग केले होते, तिथूनच ते बाहेर जाणार होते.

"एक तरी चालवून दाखवू," डेलिया म्हणाली. "म्हणजे बाकीचे वर्षभरात देतो असं सांगता येईल. कुठला?"

"लंबक," मी आणि मिस्टर प्रुइट एकदमच म्हणालो.

त्यांच्या वर्गात छताच्या हुकाला एक मीटर तारेवर पितळी गोळा टांगलेला असे. दहा झोके मोजायचे, वेळ घ्यायची, त्यावरून पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण काढायचं. दहा झोक्यांना वीस सेकंद आणि वर थोडंसं, की उत्तर ९.८ येतं. माझं उत्तर ९.७ आलं होतं. घरी जाऊन मी ते आईला तीन वेळा सांगितलं होतं. पुढे त्यांनी तोच लंबक पडद्यावर आणला, पण त्यात घड्याळ दिलं नाही. शिक्षक पत्रं लिहून मागत, इतरांच्या प्रयोगांत तर असेच. मिस्टर प्रुइट ऐकत नसत. "घड्याळ पडद्याबाहेर," ते म्हणत. "मुलाच्या मनगटावर किंवा वर्गाच्या भिंतीवर. जे मोजायचंय त्याच्याकडूनच घड्याळ घेऊ नये."

मी त्यांचा प्रोग्रॅम ओळीला ओळ लावून नव्या भाषेत उतरवला. दोन आठवडे लागले. मी त्यांच्या गणिताला हात लावला नाही. लावावा असं मनातही आलं नाही. एका ओळीशेजारी त्यांनी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: 'वर्गातल्या लंबकाशी जुळलं. १२ नोव्हेंबर १९९९.' ती टीपही मी तशीच उतरवली.

पहिल्या चाचणीला मिस्टर प्रुइटांनी स्वतःचं स्टॉपवॉच आणलं. टॅबलेटवर गोळा हलू लागला. डेलियाने टाळ्या वाजवल्या. ते मात्र पुटपुटत झोके मोजत होते. दहाव्या झोक्याला त्यांनी बटण दाबलं आणि स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. अठ्ठावीस पूर्णांक चार.

"परत घ्या ना," मी म्हणाले.

त्यांनी परत मोजले. अठ्ठावीस पूर्णांक तीन.

"तुझ्या पाटीवर गुरुत्वाकर्षण निम्मं झालंय, हाशिमोटो." त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "मुलांना उड्या मारायला मजा येईल. मंडळाला सांगू, डोकी छताला आपटतील, टॅबलेटसोबत डोक्याला बांधायला उशीही द्या."

"माझंच काहीतरी चुकलं असणार."

"तुझं नाही गं. त्या खेळण्याचं चुकलंय. माझा लंबक बघ." त्यांनी आपल्या लॅपटॉपवर जुना प्रयोग लावला. वीस पूर्णांक एक. "अकरा वर्षं झाली. एक दशांशही हललेला नाही."

मी दोन दिवस माझी चूक शोधत होते. ती सापडली ती नेमकी टीप असलेल्या ओळीत. आणि ती माझी नव्हती.

पडदा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवेल असं मिस्टर प्रुइटांनी गृहीत धरलं होतं. त्यामुळे दर चित्राला ते लंबकाला सेकंदाचा चोविसावा भाग पुढे नेत. प्लगइनमध्ये काम करणारे सगळे असंच करत. चित्रं मोजली की वेळ मोजली, असा तेव्हाचा रिवाज होता. त्यांच्या लॅपटॉपवर चोवीसची चोवीस चित्रं उमटत होती. टॅबलेट माझ्या प्रोग्रॅमची सतराच दाखवत होता. म्हणजे बाहेर एक सेकंद जाई तेव्हा लंबकाचा पाऊण सेकंदही झालेला नसे. मी ती ओळ बदलली. आता दर चित्राला प्रोग्रॅम यंत्राला विचारायचा, मघापासून खरोखर किती वेळ गेला? आणि लंबकाला तेवढंच पुढे न्यायचा.

वीस पूर्णांक एक. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा तेच. खोलीत मी एकटीच होते. खुर्चीत बसून मी स्वतःशीच हसत होते. एवढा आनंद मला प्रबंध मंजूर झाला त्या दिवशीही झाला नव्हता.

मग दुसरा विचार आला, आणि मी उठून कपाटातून डेलियाचा एक जुना, जड लॅपटॉप काढला. त्यावर प्लगइनमधला मूळ प्रयोग लावला. दहा झोक्यांना तेवीस सेकंद लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्टर प्रुइटांना दोन्ही यंत्रं दाखवली. आधी टॅबलेट. त्यांनी मोजलं आणि मान हलवली.

"छान. काय बदललंस?"

मी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ तोंड नेलं.

"म्हणजे टॅबलेट मंद आहे."

"टॅबलेट मंद आहे, ते खरंच. पण यंत्र मंद असेल तर चित्र अडखळायला हवं, मिस्टर प्रुइट. गुरुत्वाकर्षण बदलायला नको."

मी जुना लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी स्टॉपवॉच लावलं, दहा मोजले, आणि आकड्याकडे बघत राहिले. खाली दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं, त्या पंपाचा आवाज येत होता.

"मी हे फक्त माझ्या वर्गातल्या संगणकांवर तपासलं होतं," शेवटी ते म्हणाले. "ते नवे होते. आमच्या शाळेला नेहमी नवेच मिळायचे."

मग ते एकदम उठले आणि भिंतीलगतच्या खोक्यांपाशी गेले. त्यांना आलेलं प्रत्येक पत्र आणि त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत वर्षावार त्या खोक्यांत असे. २००३ च्या खोक्यात त्यांचा हात सरळ हव्या त्या जागी गेला. पत्र त्यांच्या लक्षात होतं.

ते डेल रिओ शाळेच्या ओफेलिया बारिएन्तोस या शिक्षिकेचं होतं. डेल रिओ अल्डर व्हॅलीतलीच, पण दरीच्या खालच्या टोकाला, शेतमजुरांच्या वस्तीची शाळा. तिथले संगणक एका कार्यालयाने वापरून टाकलेले. बारिएन्तोसबाईंनी लिहिलं होतं: 'आमच्या आठवीच्या वर्गाचं उत्तर ६.१ च्या आसपास येतं. आम्ही तीनदा प्रयोग केला. काय चुकत असेल?' सोबत एका कागदावर अठरा मुलांची नावं आणि प्रत्येकाने घेतलेली दहा झोक्यांची वेळ. २५.४, २५.२, २५.५, २५.३. सगळ्यात कमी २५.२, सगळ्यात जास्त २५.७.

"अठरा मुलं," मी म्हणाले, "आणि अर्ध्या सेकंदाचा फरक! आमच्या वर्गाला हे कधी जमलं नव्हतं."

"तुमच्या वर्गाला नाही जमलं, माझ्या कुठल्याच वर्गाला नाही जमलं." त्यांनी खालची प्रत काढली. ते त्यांचं उत्तर होतं, तीन ओळींचं. 'मुलांना लक्ष देऊन मोजायला सांगा. गोळा सोडतानाच एक म्हणतात, तिथे गडबड होते. शून्यापासून सुरुवात करावी.'

त्यांनी ते वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "बरोबर आहे का?"

मी मनात हिशोब केला. सोडतानाच एक म्हटलं तर नऊच झोके होतात. वेळ कमी भरते. "नाही," मी म्हणाले. "तसं असतं तर उत्तर बाराच्या पुढे गेलं असतं. यांचं खाली आलंय."

"उलट्या दिशेला. हे मी झोपेतही सांगितलं असतं." त्यांनी दोन्ही कागद गुडघ्यावर ठेवले. "मी आकडे वाचलेच नाहीत, हाशिमोटो. शाळेचं नाव वाचलं."

तेवढ्यात डेलिया आत आली, आम्हा दोघांची तोंडं बघून तिने विचारलं, "काय झालं? चालत नाही का?"

"चालतंय," मिस्टर प्रुइट म्हणाले. "तो फोन इकडे दे."

शाळेत फोन लागला, बाईंना वर्गातून बोलवावं लागलं. मला फक्त एकच बाजू ऐकू येत होती. "ओफेलिया? मी वर्नन प्रुइट. हो, प्रयोगवाला. सात वर्षांपूर्वीच्या तुमच्या पत्राचं मी चुकीचं उत्तर दिलं होतं." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "वीस तारखेला मंडळाच्या बैठकीला याल का? नाही, माझी बाजू घ्यायला नाही. त्या मुलांची घ्यायला."

बैठक दुपारी चारला होती, मंडळाच्या इमारतीतल्या लांबलचक खोलीत. समोर पाच सदस्य, त्यांच्यापुढे पाण्याच्या बाटल्या. मागे खुर्च्यांवर तीसेक शिक्षक. निळा कोट घातलेल्या, केस घट्ट बांधलेल्या बारिएन्तोसबाई तिसऱ्या रांगेत एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मिस्टर प्रुइटांना मान हलवून ओळख दिली. हसल्या नाहीत.

मी टॅबलेट मोठ्या पडद्याला जोडला आणि लंबक सोडला. खोलीत समाधानाची कुजबुज झाली. त्या दिवशी आमच्याआधी आलेल्या तिघांपैकी दोघांचे प्रयोग राखाडी चौकोनापुढे गेले नव्हते.

रँडल को नावाच्या सदस्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चांगलं आहे. पण पडद्यावर घड्याळ दिसत नाही. मघाच्या कंपनीच्या प्रयोगात आहे. मुलांना सोपं जातं. तेवढं टाका, म्हणजे माझं मत तुम्हाला."

डेलियाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. घड्याळ टाकायला मला एक दुपार पुरली असती. 'हो' म्हटलं असतं तर तिथेच काम झालं असतं. मी मिस्टर प्रुइटांकडे पाहिलं. ते माझ्याचकडे पाहत होते, काही न सुचवता.

"नाही," मी म्हणाले. "घड्याळ टाकणार नाही."

"का बरं?"

"कारण यंत्र चुकलं तर त्याच्यातलं घड्याळही त्याच्यासोबत चुकतं. मग कोणालाच कळत नाही."

"यंत्र कशाला चुकेल?" को म्हणाले आणि दोघंतिघं हसले.

तेव्हा मिस्टर प्रुइट उठले. "अकरा वर्षं चुकत होतं," ते म्हणाले. "माझंच."

ते फळ्यावर लिहिल्यासारखं टप्प्याटप्प्याने बोलले. चित्रं मोजणं म्हणजे वेळ मोजणं असं आपण कसं मानलं, नव्या संगणकांवर ते कसं खपून गेलं, जुन्यांवर पृथ्वी कशी हलकी झाली. कुठेही आवाज खाली आणला नाही, सबब सांगितली नाही. मग खिशातून कागद काढला.

"पडद्यावर घड्याळ असतं तर तेही तेवढंच मागे पडलं असतं. मुलांना वीस सेकंद दिसले असते, उत्तर ९.८ आलं असतं आणि आपण सगळे खूश राहिलो असतो. पण घड्याळ पडद्याबाहेर, डेल रिओच्या मुलांच्या हातात होतं. म्हणून आठवीतल्या अठरा मुलांनी माझ्या प्रोग्रॅममधली चूक सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजून मला पाठवली. मी त्यांना उलट कळवलं, नीट मोजा." त्यांनी कागद उंच धरला. "या जिल्ह्यात मी तीस वर्षं शिकवलं. याहून चांगलं मोजमाप मी पाहिलेलं नाही."

मग त्यांनी कागदावरची नावं वाचली. अठराही, आडनावांसकट, आणि प्रत्येकापुढचा आकडा.

नावं संपली. बारिएन्तोसबाई जागेवरूनच म्हणाल्या, "तुमचं उत्तर आल्यावर मी त्या सगळ्यांचे पाच-पाच गुण कापले होते."

"ते माझे कापा, बाई."

"तुमचे कापून त्यांना काय मिळणार?" त्या उठून उभ्या राहिल्या. "मी त्यांना तेव्हा म्हटलं होतं, तुम्ही बरोबर मोजलंय असं मला वाटतं, पण माझ्याकडे पुरावा नाही. त्यातली पाउलिना म्हणाली, बाई, पुरावा म्हणजे आम्ही अठराजण." आता कुठे त्या थोड्या हसल्या. "मिस्टर को, तुमच्या हातात घड्याळ आहे ना? मग मोजा."

को गोंधळले, पण त्यांनी बाही मागे सारली. मी लंबक परत सोडला. पहिले दोन झोके बाई एकट्या मोजत होत्या, मग मागचे शिक्षक मोजू लागले. सातव्यापर्यंत सगळी खोली एका सुरात मोजत होती. शून्यापासून.

"वीस," को म्हणाले. "वीस आणि वर थोडंसं."

पाचांपैकी चार मतं आम्हाला पडली. को यांनी मत दिलं नाही, पण बाहेर पडताना ते मला म्हणाले, "भिंतीवरच्या घड्याळांचे सेल तपासून घ्यायला सांगतो सगळ्या शाळांना." त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

आम्ही ओकलंडला परतलो तेव्हा ऊन अजून होतं. डेलिया खाली दुकानदाराला सगळं रंगवून सांगत थांबली. मिस्टर प्रुइट मात्र थेट वर आले आणि माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"ती ओळ उघड."

मी उघडली. माझी नवी ओळ, आणि तिच्या वर आठवण म्हणून ठेवलेली त्यांची जुनी टीप.

"ही काढून टाकू का?" मी विचारलं.

"खबरदार. राहू दे. तिच्याखाली लिही." आणि ते सावकाश सांगू लागले: "जुळलं नव्हतं. डेल रिओ शाळा, आठवी, २००३ यांनी मोजून दाखवलं. दुरुस्ती: एन. हाशिमोटो, मे २०१०."

मी लिहिलं.

"आता नावं."

त्यांनी कागद माझ्या पडद्याशेजारी सरळ धरला. मी एकेक नाव टाइप करत गेले. ते प्रत्येक अक्षर कागदाशी पडताळत होते आणि अठरावं नाव पूर्ण होईपर्यंत त्यांनी कागद तसाच धरून ठेवला होता.